गोगलगायी कशा वाचल्या

साखऱ्याच्या पाझर तलावातली मासळी मेली आणि पाण्यातल्या गोगलगायी मात्र जिवंत राहिल्या, हे गावात फक्त एकीच्या डोक्यात घुसलं. बाकीच्यांना गोगलगायींचं काय सोयरसुतक? मासळी कुणी मारली एवढंच गावाला ठरवायचं होतं, आणि तेही दगडोबानं सकाळीच ठरवून टाकलं होतं.

दगडोबा मेंढरांच्या मोठ्या कळपाचा धनी. त्याच्या शब्दाला गावात वजन होतं आणि ते त्यालाही चांगलं ठाऊक होतं. तलावाच्या काठाला हरीशची हळद. करपा रोगावर मारायचं तांब्याचं निळसर औषध हरीशनं फवारलं आणि पंप तलावातच धुतला, हे दगडोबानं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग आणखी काय पाहिजे? संध्याकाळी पारावर बैठक बसणार होती आणि हरीशची मोटर तलावातून बाहेर निघणार होती. ऐन कंद भरायच्या वेळी पाणी तुटलं की हळदीचं वर्ष गेलंच म्हणायचं.

गोगलगायी जिच्या डोक्यात घुसल्या ती दगडोबाचीच लेक, रागिणी. दिवाळीला घरी आली होती. पुण्यात ती नोकरी करायची, पण कसली ते तिच्या आईला, कौशल्याबाईला, आजवर कुणाला धड सांगता आलेलं नव्हतं. जगभरच्या लोकांनी मासे, झिंगे, पाणकिडे औषधाच्या पाण्यात ठेवून पाहिलेले असतात आणि किती औषधात निम्मे जीव मरतात ते लिहून ठेवलेलं असतं. रागिणी ते वाचायची, पारखायची आणि धड असतील तेवढेच प्रयोग एका मोठ्या माहितीसाठ्यात घालायची. शेजारी साध्या पाण्याचं भांडं ठेवलेलं नसेल, तर प्रयोग कितीही मोठ्या माणसाचा असो, ती बाजूला काढायची. नुसतं कोंडल्यानंही जीव मरतो, मग औषधाच्या नावानं कशाला ओरडायचं?

दुपारी ती तलावावर गेली. काठाला मेलेल्या माशांचा आणि झिंग्यांचा थर साचला होता, नाकाला पदर लावावा असा वास. आणि दगडांवर गोगलगायी काही झालंच नाही अशा थाटात सरकत होत्या. रागिणीला आधी गंमत वाटली, मग अशा वेळी गंमत वाटल्याची लाज वाटली, पण पाय काही तिथून निघेना. तांबं एवढी मासळी मारण्याइतकं पाण्यात उतरलं असतं, तर गोगलगायी आधी मेल्या असत्या. तिनं तिथंच बसून फोनवर माहितीसाठा चाळला. तांब्यानं लवकर मरणाऱ्यांत गोगलगायी अगदी वरच होत्या.

मग तिनं उलटं शोधलं. मासे आणि झिंगे थेंबभरानंही मारणारं, पण गोगलगायींना सहसा हात न लावणारं काय असतं? एकाच कुळातली औषधं पुढे आली. त्यातली काही कापसावर मारतात, काही गोचिडांवर.

ती तलावात येणाऱ्या ओढ्याच्या कडेनं वर चालत गेली. थोड्याच अंतरावर पत्र्याचा हौद उपडा पडला होता, आणि तो तिच्याच घरचा होता. परवा कातरलेली मेंढरं गोचिडाच्या औषधात बुडवून काढली होती आणि उरलेलं पाणी तिथंच ओढ्यात सोडलं होतं. हौदाच्या वरच्या अंगाला, डोहात, झिंगे मजेत फिरत होते.

घरी येऊन तिनं बापाला सगळं सांगितलं. दगडोबानं आधी हसण्यावारी नेलं, मग चिडला.

"मेंढराला काय व्हत न्हाई, कोकराला न्हाई. म्या कोपरापस्तोर हात घालून राहिलो त्याच्यात. मासाच काहून मरंल?"

मेंढराच्या अंगात ते औषध मोडून जातं, माशाला ते मोडायला जमत नाही, असं तिनं सांगितलं. दगडोबाला पटलं नाही. तुझ्या फोनातले मासे परदेशातले, ते आमच्या झिंग्याला कसे लागू व्हतील, असं त्यानं विचारलं. बाप चिडून बोलत होता, पण रागिणीला तो प्रश्न मनापासून आवडला. तिच्या ऑफिसात शिकलेली माणसं याच प्रश्नावरून भांडत असत.

मग तिनं डोहातलं पाणी आणि झिंगे आणून दोन बरण्यांत सारखे घातले. कुठल्या बरणीत औषध टाकायचं ते दगडोबानंच ठरवलं. हिंगोलीहून आणलेल्या गोचिडाच्या औषधाच्या बाटलीत काडी बुडवून ती त्यानं स्वतःच्या हातानं पाण्यात फिरवली आणि समोर मांडी घालून बसला. कौशल्याबाईनं आणलेला चहा निवून गेला. काडीच्या बरणीतले झिंगे आधी झटके देऊ लागले, मग एकेक करून कुशीवर पडले. दुसऱ्या बरणीतले मिशा हलवत होते.

रागिणीला बापाची फार दया आली. चारचौघांत त्याची मान खाली जाणार होती, आणि ती तिच्यामुळं. बैठकीत मीच सांगते, असं ती म्हणाली. दगडोबानं पटका बांधला, जित्त्या झिंग्यांची बरणी उचलली आणि निघाला. ती मागोमाग गेली.

पारावर हरीश खाली मान घालून एका कडेला उभा होता. दगडोबा आपल्या नेहमीच्या जागी बसला नाही.

"तळ्यातली मासळी म्या मारली," तो म्हणाला. "गोचिडाच्या औषधानं. हरीशची मोटर राहू द्या."

मग ग्यानोबा नावाच्या म्हाताऱ्यानं मिशीतल्या मिशीत हसून विचारलं, शिकलेल्या लेकीनं पढवून धाडलं काय?

"लेकीनं सांगितलं तवा तर म्या ऐकलंच न्हाई," दगडोबा म्हणाला. "आन् सकाळी हरीशचं नाव घेतलं, तवा ही साध्या पाण्याची दुसरी बरणी माझ्यापाशी नव्हती."

आणि ती बरणी त्यानं हरीशच्या हातात दिली.