अर्धा लिटर

"अहो, ती अर्ध्या लिटरची गोष्ट सांगा ना," ऑक्सिजनचा मास्क जरासा उचलून बायको म्हणाली.

"शंभर वेळा ऐकलीस की!"

"मग एकशे एकावी. निम्मा संसार डोंगराशी केलात, निदान त्याच्या गोष्टी तरी मला ऐकवा."

अठरा वर्षं पलटणीत आणि पुढची बारा बर्फात काढलेला हा गडी घरात मात्र तिच्या शब्दाबाहेर नव्हता. त्याने सांगितली. शिखरावरून उतरताना जोडीदाराचा ऑक्सिजन संपत आला, तेव्हा याने स्वतःचा मिनिटाला अर्ध्या लिटरवर आणला आणि वाचलेला त्याला दिला. दोघेही जिवंत खाली आले. याच्या तीन बोटांची पेरं तेवढी वर राहिली.

"शाब्बास!" ती दरवेळेसारखीच म्हणाली.

तिची फुप्फुसं वर्षभर कुरकुरत होती. दोन लिटरच्या खाली आणायचं नाही, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं.

तेवढ्यात सिलिंडरवाल्याचा फोन आला. गाडी बंद पडली होती, आज काही येणं जमत नव्हतं. काट्यावर अजून चार तासांचा ऑक्सिजन दिसत होता आणि दुकान तासाभराच्या अंतरावर. काळजीचं कारणच नव्हतं.

"मीच घेऊन येतो," तो बूट चढवत म्हणाला. आणि दारातून सवयीने ओरडला, "जपून वापर गं!"

डोंगरावर तो प्रत्येकाला हेच सांगायचा. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दोन तासांत तो परतला. भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन मजले कुठेही न टेकता चढला. जिन्यातूनच हाक दिली, "आणला बरं का!"

ती खुर्चीत होती. मास्क नीट लावलेला. सिलिंडरची चावी अर्ध्या लिटरवर. काटा फारसा हललाच नव्हता.

तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो ढसाढसा रडला. किती जोडीदार गेले, पण असा तो कधी रडला नव्हता. ती गोष्ट आपण एवढ्या ऐटीत का सांगत आलो, हेच त्याला कळेना.

आठवड्याने सिलिंडरवाला जुना सिलिंडर न्यायला आला. काटा बघून थबकला.

"साहेब, हा रिकामा नाहीये. बराच शिल्लक आहे."

"हो. तिने वाचवला."

"मग नेऊ ना?"

"संध्याकाळी या. संपला की न्या."

दार लावून तो तिच्या खुर्चीसमोर बसला. मास्क खुर्चीच्या हातावर ठेवला आणि अर्धवट बोटांनी चावी फिरवून दोनवर आणली.