केराबाईचा कडू घास

नवरा मेला तर केराबाईला निदान आठ भाकरी मिळणार होत्या. हा हिशेब तिनं गार चुलीपुढं बसून केला. बाहत्तरचा दुष्काळ. रेशनची तांबडी मिलो ज्वारी परवाच संपलेली, दोन्ही पोरी पाण्यावर पोट भरून आडव्या. मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारीपाजारी भाकरी घेऊन जातात. त्याला कडू घास म्हणतात. सोलापुरातल्या आमच्या गल्लीत तिला सोडून घरं आठ. उसनं पीठ मागितलं असतं तर आठही घरं म्हणाली असती, "आमाला तरी कुटं हाय?" मयताला मात्र कुणी नाही म्हणत नाही.

नवरा जालिंदर उजनी धरणाच्या कामावर गेलेला. तीन महिने ना पत्र, ना पैसा. केराबाईनं कुंकू पुसलं, बांगड्या उंबऱ्यावर आपटल्या आणि हंबरडा फोडला.

पुस्तकात 'सांत्वन करणे' असं क्रियापद आहे. आमच्याकडे ते पदराखाली झाकून न्यायचं असतं. कमलम्मा आली. "अळबेड तायी, अळबेड," असं कानडीत रडू नको सांगता सांगता स्वतःच रडली आणि अर्धी भाकरी ठेवून गेली. रुद्रप्पा दारातूनच "काळजी करू नका" म्हणाला. कशाच्या जोरावर, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण बायकोकडून एक भाकरी धाडली.

"बाप गेला तरी पोरी कशा खात्यात बघा की," कुणीतरी कुजबुजलंच.

शेजारची चांगुणा दोन भाकरी घेऊन आली नि तिनं दार लोटून घेतलं.

"सांगावा कुणी आणला गं?"

"ट्रकवाल्यानं."

"आज गल्लीत ट्रक फिरकलाच न्हाय की, केरे."

केराबाईनं रडं थांबवून तिचे पाय धरले. "आक्का, पाया पडते. पोरी दोन दिस..."

"थांबू नगं, रड! अजून चार घरं यायची हायती." आणि तिला कुशीत घेऊन चांगुणानं असा गळा काढला, की अख्खी गल्ली हळहळली. उठताना मात्र कानात म्हणाली, "फुडच्या खेपेला सासऱ्याला मार. नवरा लागतोय अजून."

तीन दिवस चांगुणा रोज दोन भाकरी आणत राहिली. त्या तिच्या सासूच्या, मायाक्काच्या वाटणीच्या. सासूला तिनं खरं सांगितलंच नव्हतं. "उघडी पडली बिचारी, तिला दे. मला उपास हाय," म्हातारी रोज म्हणायची.

चौथ्या दिवशी सकाळी मायाक्का उठली नाही.

केराबाई धावत गेली. चांगुणाच्या गळ्यात पडली, पण पदराखाली काही नव्हतं. दुपार कलली. बाया आल्या, बसल्या, रिकाम्या हातानं उठून गेल्या. पीठ होतं तेवढं केराबाईच्या उंबऱ्यात गेलेलं.

"घरी जा, केरे," चांगुणा भिंतीला टेकून म्हणाली. "आता कुणी काय आणत न्हाय."

तीन दिवसांत केराबाईकडे भाकरी आल्या साडेअकरा. दोन्ही पोरी जगल्या. सात घरांनी मिळून दिल्या साडेपाच. सहा एकट्या मायाक्कानं.