पुरवून ठेवलेली बॅटरी

रविवारी सकाळी मी गारखेड्यातल्या दुकानात मोबाईल बघत होतो, तेव्हा माझी आई तिथून तीन गल्ल्या पलीकडे दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. फोन घ्यायचा होता दादांसाठी, म्हणजे माझ्या बापासाठी.

दादा मेंढरं घेऊन पैठणच्या पुढं गंगेकाठी, म्हणजे गोदावरीच्या काठाला होते. मी बजाजनगरात कंपनीत लागलो, पण त्यांनी मेंढरं सोडली नाहीत. एका शेतात दोन रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पुढचं शेत गाठायचं. त्यांच्याकडं साधा बटनाचा फोन होता. चार्जिंग शेतमालकाच्या घरी, आणि कुणाच्या दारात दोनदा जायचं नाही हा त्यांचा बाणा. म्हणून फोन दिवसभर बंद. दिवेलागणीला चालू करून मला एक मिस्ड कॉल द्यायचे, म्हणजे सगळं ठीक. मग फोन पुन्हा बंद.

आईनं मास्क बाजूला करून एवढंच मागितलं होतं. "मेंढ्या व्यायला लागल्यात, शिवा. त्येन्ला बोलवू नगं. नुसतं तोंड दाव मला त्येंचं."

दुकानदारानं पहिलाच फोन बारा हजारांचा काढला. "प्रोसेसर एक नंबर, भाई. कितना भी गेम खेलो, हँग नाय होणार."

"मेंढरांत गेम कोण खेळतंय? बॅटरी सांगा."

मग सात हजारांचा एक दाखवला. त्यावरून मी माझ्याच फोनला व्हिडिओ कॉल लावून बघितला. चित्र मध्येच गोठलं आणि माझं तोंड अर्धवट उघडं राहिलं. आईला असे दादा दाखवायचे? तो परत केला. तिसरा साडेनऊ हजारांचा होता. सहा हजार एमएएचची बॅटरी, रॅम बरी, वजनाला वीट. उन्हात स्क्रीन दिसते का म्हणून मी तो दुकानाबाहेर नेला, आवाज फुल करून ऐकला, रेंज तपासली. माझ्याच्यानं एवढंच होत होतं, म्हणून ते मी जीव लावून करत होतो.

"इतनी जाँच तो लोक पोरगी बघताना नाय करत," दुकानदार हसला. "घेऊन जा. दोन दिवस बॅटरी हलत नाय."

चुलतभाऊ कडुबा दुपारीच मोटरसायकलवर फोन देऊन आला. हिरवं बटन कोणतं, फोन कानाला न लावता तोंडासमोर कसा धरायचा, सगळं त्यानं दादांना शिकवलं. दिवेलागणीला दादांचा पहिला व्हिडिओ कॉल आला, पण आईला झोप लागली होती. "निजू दे तिला. उद्या बोलू," दादा म्हणाले.

सोमवारी अकराला आई जागी झाली. नजर अगदी स्वच्छ. मला वाटलं, उतार पडला. डॉक्टरांनी मला बाहेर नेलं आणि म्हणाले, "जवळच्या माणसांना बोलावून घ्या."

आत आलो तर आई म्हणाली, "लाव."

मी लावला. फोन बंद होता. पुन्हा लावला. बंद.

रडू यायच्या आधी मला राग आला. दादांचा नव्हे, माझा. दुकानात उभं राहून मी रॅम विचारली, बॅटरी विचारली, ऊन विचारलं. 'दादा, आता फोन चालूच ठेवा' एवढं सांगायचं मात्र मला सुचलं नाही. मोठी बॅटरी दिली की जन्माची सवय जाते, असं मी मूर्खानं धरून चाललो होतो.

कडुबाला पुन्हा पिटाळलं. दीड वाजता त्याचा फोन आला. "शेत रिकामं हाय. सकाळीच हालले म्हणत्यात. कुठं गेले, कुणालाच नीट ठावं नाय. बघतो मी फिरून."

मी लावतच राहिलो. आई माझ्या हातातल्या फोनकडं बघत होती. "रेंज नाही," मी खोटं बोललो.

तिला ते पटलं नाही. एवढी वर्षं तिनं त्यांच्यासोबत काढली होती. "बंद ठिवला आसंल," ती म्हणाली. "दिवेलागणीला करत्यात की. तवर थांबते मी."

आणि ती खरंच थांबायला लागली. एकेक श्वास ओढून घेत होती. मी तिचा हात धरून भिंतीवरच्या घड्याळाला शिव्या देत होतो. चारला तिनं विचारलं, "दिवे लागले का रं?"

मी उठून खोलीतले सगळे दिवे लावले. खिडकीतून ऊन येत होतं. ती त्या दिव्यांकडं बघून किंचित हसली. पाचला दहा मिनिटं कमी असताना तिचा हात माझ्या हातात सैल पडला.

सव्वासहाला मी बाहेर बाकावर बसलो होतो. हातात दवाखान्याचा कागद होता. फोन वाजला.

स्क्रीनभर दादा होते. तोंड धुतलेलं, डोक्याला ठेवणीतला पटका, मांडीवर काल-परवा जन्मलेलं कोकरू. चित्र कुठं गोठत नव्हतं. आवाजही स्वच्छ होता.

"शिवा, लई भारी फोन दिला बघ तू," ते म्हणाले. "अजून पंच्याण्णव टक्के हाय. तिच्याशी निवांत बोलता यावं म्हणून दिसभर बंदच ठिवला. दे तिच्याकडं."