हौबानचा रस्ता उघडला

तैझ शहर आणि पलीकडचं हौबान यांच्यामधला रस्ता नऊ वर्षांनी उघडला, आणि तिसऱ्याच दिवशी हौबानचा काइद शहरात धाकट्या बहिणीच्या, नबीहाच्या दारात येऊन उभा राहिला. हातात मधाची रोटी होती.

लढाईआधी तो दर शुक्रवारी नबीहाकडे जेवायला यायचा. मग मधोमध दोन्हीकडच्या सैनिकांचे मोर्चे बसले आणि डोंगराला वळसा घालून यायला सहा तास लागू लागले. तरी लोक येत-जात होते. काइद आला नाही. पाण्याच्या रांगेत उभा असलेला नबीहाचा नवरा पलीकडून आलेल्या तोफगोळ्याने गेला, तेव्हाही नाही.

"ये," एवढंच म्हणून तिने चहा ठेवला. काइद पार वाळला होता.

"वहिनी बरी आहे?"

"आहे."

"फोन तरी करायचास, दादा. वाट पाहून पाहून ठरवलं, मला भाऊच नाही."

"बरोबर केलंस."

"आणि मुनीर? त्यालाही आत्या आठवली नाही? वहिनी अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी वाढवलं त्याला. तो तिकडे तोफेवर आहे म्हणे."

काइदने पेला खाली ठेवला. "तोफेवर नव्हता. सैनिकांचा स्वयंपाक करायला नेलं होतं. निदान मला तरी तसंच सांगितलं."

"आता कुठाय?"

"गेला. तुझ्या नवऱ्यानंतर चार महिन्यांनी."

नबीहाने विचारलं, "मला का नाही कळवलंस?"

"वाटलं, तू म्हणशील, बरं झालं."

नवरा गेला त्या वर्षी प्रत्येक नमाजानंतर नबीहा एकच मागणं मागत होती: पलीकडच्यांची पोरं मरू देत. पलीकडच्यांत मुनीरही येतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पुरलंय कुठे?"

"घरामागच्या टेकडीवर. पेटी बंद करून दिली. उघडू दिली नाही."

तिने बुरखा घेतला आणि त्याच्याबरोबर निघाली.

कबरीवर नुसते दगड होते. दोघांनी फातिहाची प्रार्थना म्हटली. काइद उठला, पण ती उठेना.

"चल, नबीहा. ऊन चढतंय. तुझी वहिनी वाट पाहत असेल."

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मला त्याला काही सांगायचंय."