बाळाकडे निघालेलं रक्त

माघ ओसरत आला होता. भंडाऱ्याच्या तलावांवर सकाळचे कोवळे, केशरकांत ऊन पसरले होते. आणि रानोमाळ, पर्णहीन फांद्याफांद्यांवर पळस पेटला होता. ज्वालावर्ण, मदमत्त, निर्लज्ज.

दवाखान्याकडे निघालेल्या मोटारीची काच निवेदिताने वर केली. फुलणारे काहीही तिला पाहवत नव्हते.

दोनदा तिची कूस मोहरली होती. दोनदा, पाचव्या महिन्याच्या उंबरठ्यावर, रक्तदाब उफाळला आणि ते इवले, निमीलितनेत्र स्पंदन थांबले. दोनदा ती रित्या ओटीने घरी परतली. "हिचं रक्तच वाईट," असे कुणीसे दाराआड कुजबुजले होते. ते तिने ऐकले, आणि मनोमन मानलेही. तेव्हापासून परक्याच्या घरी संकोचून राहावे, तशी ती स्वतःच्या देहात राहत होती.

आता पुन्हा तिसरा महिना सरत होता. या बाळाला तिने अजून एकदाही हाक मारली नव्हती. ओठांशी आलेली हाक ती रोज गिळत होती, आणि गिळलेल्या हाकेने तिचा कंठ रोज जळत होता.

सोनोग्राफीच्या अंधाऱ्या, शीतल खोलीत ती निजली. प्रफुल्ल, तिचा नवरा, तिची गार बोटे मुठीत धरून उशाशी उभा राहिला. पडद्यावरच्या धुक्यात काहीतरी इवलेसे हलले. तिने डोळे मिटून घेतले.

"बाळ छान आहे," डॉक्टर राजंदेकरबाई म्हणाल्या. "आता डॉपलर लावते. बाळाला पोसणाऱ्या वारेकडे तुमचं रक्त कसं जातं, ते बघायचंय."

तुमचं रक्त. आरोप ऐकावा तशी ती आक्रसली.

आणि मग नाद उमटला. संथ, घनगंभीर, श्वासभरला. लाट यावी, ओसरावी, पुन्हा यावी तसा.

"बाळाचे ठोके?" मिटल्या डोळ्यांनीच तिने विचारले.

"नाही हो. हे तुमचंच रक्त. बाळाकडे निघालेलं."

तिने डोळे उघडले. पडद्यावर तांबडे-निळे प्रवाह लखलखत होते. जे तिने वैरी मानले, ते हे. ती निजली तेव्हाही ते जात होते. ती रडली तेव्हाही, तिने तोंड फिरवले तेव्हाही. अविरत, अनाहूत, आर्त.

"रक्ताची डावीकडची वाट जरा आखडलीय," डॉक्टर म्हणाल्या. "उजवी मोकळी आहे. रोज रात्री एक छोटी गोळी सुरू करू, रक्तदाबावर लक्ष ठेवू. मागच्या दोन्ही खेपांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. या वेळी आधीच कळलंय."

"राहील ना हो, या वेळी?" प्रफुल्लचा आवाज चिरकला.

"शब्द नाही देत. पण आशा धरा."

डॉक्टरांनी यंत्र उचलायला हात हलवला, तशी निवेदिता पटकन म्हणाली, "थांबा ना. थोडं ऐकू द्या."

त्यांनी हात तसाच ठेवला. तिने आपला तळवा ओटीपोटाच्या कडेला टेकवला, आणि कितीतरी दिवस अडलेली ती हाक अश्रूंतून ओलीचिंब होऊन बाहेर आली.

"ये रे बाळा. सावकाश ये."

आणि त्या अंधारात, लाटेमागून लाट, लाटेमागून लाट, तिच्या हाकेच्याही पुढे धावत, तिचे रक्त बाळापाशी पोचत राहिले.