सॅदरांचा ट्रे

२०१४ सालचा मार्च. मिनेसोटात बर्फ अजून पायरीपर्यंत होता.

मी ट्रे बोलतोय. जाड काचेचा, ओव्हनमध्ये जाणारा. बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर मालकिणीचं नाव: लवोन सॅदर. चर्चच्या जेवणाला घरोघरची भांडी जातात, म्हणून नाव लागतं. उसनं गेलेलं भांडं परत येतं ते भरून. रिकामं आलं की समजावं, नातं संपलं.

लवोनने मला बटाटे-खिमा भरून चर्चच्या धर्मगुरू, पास्टरबाई करीन हॉवलँड यांच्याकडे पाठवलं. मग ती अंथरुणाला खिळली. बाई दुपारी तिच्याकडे जात आणि परत आल्यावर सिंकपाशी नुसत्या उभ्या राहत. मी परत जायच्या आत लवोन गेली.

ऑक्टोबरात बाईंनी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं, "दीना माझी बायको आहे. लपवून उपदेश करणं मला जमत नाही." पंथाला ते चालत नव्हतं. मंडळीने हात वर करून त्यांच्याविरुद्ध मत दिलं. बाईंनी पंथ सोडला. चाळीस मैलांवर दुसऱ्या पंथाच्या चर्चने दोघींना जागा दिली.

निघताना त्यांनी सगळ्यांची भांडी धुऊन चर्चच्या तळघरात मांडली. एक म्हातारी म्हणाली, "चमचे मोजलेत ना, पास्टरबाई?"

मला मात्र त्यांनी ठेवून घेतलं. लवोनच्या नवऱ्याच्या, ऑर्विलच्या दारात जायची त्यांची छाती झाली नाही.

नवी माणसं चांगली होती. पण चांगली वेगळी, आपली वेगळी. दीनाची इस्पितळात कामाची पाळी असली की बाई उभ्या उभ्या जेवत. फळीवरून मी बघत असे.

नेमणुकीचा रविवार ठरला. तिथली रीत अशी, की जुन्या गावचं कुणीतरी उभं राहून पास्टर सोपवतं, लेक सोपवावी तशी. बाईंनी जुन्या गावी सात पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही नाही.

"मी उभी राहते ना," दीना म्हणाली.

"तू घरची गं. तिकडचं कुणीच आलं नाही, तर अकरा वर्षं मी तिथे कोण होते?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला भरलं आणि गाडी काढली.

ऑर्विलने दार उघडलं. झाकण उचलून पाहिलं.

"खिमा कोरडा झालाय."

"हो, काका."

"मी तुमच्याविरुद्ध हात वर केला होता."

"पाहिलं मी."

"आजही करीन."

"ठाऊक आहे. तरी रविवारी या."

त्याने मला आत घेतलं आणि दार लावलं.

रविवारी तो आला. शेवटच्या बाकावर बसला. मांडीवर मी, माझ्यात करपलेला घेवडा.

"हिला कोण सोपवतं?" पुढून विचारणा झाली. कुणी हललं नाही. बाई जमिनीकडे बघत होत्या.

मला बाजूला ठेवून तो उठला.

"ऑर्विल सॅदर. माझी बायको शेवटी मला ओळखत नव्हती. मला खोलीत जाववेना. मी गोठ्यात बसायचो. ही आत बसायची." त्याने बाईंकडे बोट केलं. "आमची आहे. तुम्हाला देतो."

आणि खाली बसला.