सव्वा डॉलरची घसरण

शुक्रवारी दुपारी बाजार बंद झाला आणि एल्डन हॅसलबर्गने स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलेखाचा कागद पसरून त्या दिवसाचा ठिपका दिला. ठिपका रेषेच्या खाली पडला. थोडाथोडका नव्हे, चांगला दोन चौकोन खाली. त्याने चष्मा पुसला, भाव पुन्हा पाहिला. भाव तोच होता.

एल्डन जन्मभर वीज कंपनीत तारा ओढणारा माणूस. निवृत्त झाल्यावर त्याला आलेखांचा नाद लागला, आणि नाद कसला, व्यसनच ते. संगणकावर सगळं आयतं मिळत असताना हा बाबा पेन्सिल आणि पट्टी घेऊन बसे. त्याचा लाडका फंड एकच. वीज, पाणी आणि गॅसच्या कंपन्यांचे शेअर बाळगणारा, दर महिन्याला नफ्यातून रोख वाटप देणारा, आणि स्वतःही शेअरसारखा बाजारात विकला जाणारा. गेली काही वर्षं त्याचा भाव कितीही पडला तरी एका चढत्या रेषेवर येऊन टेकायचा आणि पुन्हा वर जायचा. त्या रेषेला एल्डन आधार म्हणत असे. त्याचा नियमही ठरलेला होता. दिवसअखेरचा भाव आधाराखाली गेला की बाजार उघडताच विकून मोकळं व्हायचं, का पडला ते विचारायचं नाही. बातम्या वाचायच्या नाहीत, कंपनीची पत्रकं उघडायचीसुद्धा नाहीत. जे काही व्हायचं असतं ते आधी भावात उतरतं, यावर त्याची देवापेक्षा जास्त श्रद्धा होती.

स्वतःचे पैसे असते तर त्याने खांदे उडवले असते. पण त्याच्या शब्दावर त्याच्या धाकट्या भावाच्या, डेलच्या, बायकोने, मार्लीसने, होतं नव्हतं ते या फंडात घातलं होतं. डेल वारल्यावर तिने त्याचा दुधाचा टँकर विकला आणि ते सगळे पैसे इथे ठेवले. महिन्याच्या वाटपावर तिचं घर चालायचं. फंड विकला तर वाटप थांबणार आणि तिला ॲरिझोनात लेकीकडे जाऊन राहावं लागणार. तिथल्या वाळवंटाचं नाव काढलं तरी तिचं तोंड कडू व्हायचं. आणि हे तिला सांगायचं कोणी, तर एल्डनने, तेही आजच. शुक्रवारी संध्याकाळी तिघं तळ्याकाठच्या सपर क्लब नावाच्या जुन्या खानावळीत मासे खायला जमत.

"चेहरा का असा पाडलायस?" गाडीत त्याच्या बायकोने, फिलिसने, विचारलं.

"रेषा तुटली."

"मग दुसरी ओढ. पेन्सिल आहे ना घरात?"

एल्डनने रेडिओ लावला. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने एवढं तरी शिकून घेतलं होतं.

क्लबात नेहमीसारखी खच्चून गर्दी होती. मार्लीस आधीच येऊन कोपऱ्यातलं टेबल अडवून बसली होती, पुढ्यात ब्रँडीचा गोड ग्लास. तळलेला मासा आला, बटाट्याची धिरडी आली, सफरचंदाचा मुरंबा आला. एल्डन ताटातला मासा नुसता चिवडत बसला. सांगायला तोंड उघडावं आणि काळ्या पावाला लोणी लावत बसावं, असं त्याने तीनदा केलं.

"खात का नाहीस रे?" मार्लीस म्हणाली. "आज बिल मी देणार आहे. लाजू नकोस."

"तू कशाला?"

"आता जरा हात सैल आहे माझा. बँक बदलली ना मी, म्हणून नवा खातेनंबर द्यायला दलालाच्या ऑफिसात फोन केला होता. तिथली बाई म्हणाली, यंदा वर्षअखेरीला तुमचा फंड नेहमीच्या वाटपाशिवाय आणखी एक मोठं वाटप देतोय. मला वाटलं तूच सांगशील. तू कसला सांगतोयस."

एल्डनचा काटा हवेतच राहिला. "किती मोठं?"

"शेअरमागे सव्वा डॉलर."

"आणि मिळणार कुणाला? कुठल्या दिवसापर्यंत ज्यांच्याकडे शेअर होते त्यांना?"

"काल बाजार बंद होईपर्यंत. चिडतोस कशाला?"

तो चिडला नव्हता. कागदी रुमालावर बोटाने रेषा ओढत होता. काल ज्यांच्याकडे शेअर होता त्यांचा सव्वा डॉलर पक्का झाला, म्हणून आज घेणाऱ्याने तेवढा कमी भाव दिला. पडला होता तोही सव्वा डॉलरच. पैसे बुडाले नव्हते, एका खिशातून दुसऱ्या खिशात निघाले होते. असं दर महिन्यालाच होत असे, पण महिन्याचं वाटप इतकं लहान की ते पेन्सिलीच्या जाडीत मावून जाई, त्यामुळे भावात ते परत जोडून बघायची सवयच त्याला लागली नव्हती. आज जोडलं तर ठिपका रेषेच्या वर, चांगला ऐसपैस बसत होता.

"फंडाचं पत्रक आलं होतं की गेल्या महिन्यात," फिलिस म्हणाली. "त्यानेच शेगडी पेटवलीस."

एल्डनने डोळे मिटून घेतले. त्याचा जीव भांड्यात पडला होता. लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने सगळं सांगून टाकलं: ठिपका, नियम, आणि सोमवारी सकाळी तिला विकायला लावायचं ठरवूनच तो आला होता हे.

मार्लीसने ऐकून घेतलं. "आणि मी विकलं असतं," ती शांतपणे म्हणाली.

"का म्हणून विचारलंसुद्धा नसतंस?"

"डेल म्हणायचा, एल्डन खांबावर चढला असेल तर खाली उभं राहून प्रश्न विचारू नयेत."

या वाक्याने एरवी त्याची छाती फुगली असती. आज त्याला धडकी भरली. त्याने तिच्या हातावर हात ठेवला. "मार्लीस, यापुढे विचारत जा. दर वेळी. मी रागावलो तरी."

"बरं. मग आत्ताच विचारते. या फंडातलं तुला नक्की कळतं किती?"

एल्डनने प्रामाणिकपणे विचार केला. "मला वाटत होतं त्याच्या निम्मं."

"निम्मं पुष्कळ झालं," मार्लीस म्हणाली आणि माशाची थाळी त्याच्याकडे सरकवली. "उरलेलं मी फोन करून विचारत जाईन. खा आता."

मग मात्र एल्डन जेवला. दुसऱ्यांदा मासा मागवला, आणि तिसऱ्यांदाही.